रायझन ७ ५७००एक्स३डी: प्रोसेसर एकदम खरा, पण बसवल्यानंतरची शोधाशोध सांगायलाच हवी

दोन महिने वापरून मग लिहितोय, कारण पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर या प्रोसेसरला मी एक स्टार दिला असता आणि ते साफ चुकीचं ठरलं असतं. आज पाचपैकी साडेचार देतोय. मधल्या काळात मशीनवर जे जे झालं ते सविस्तर सांगणार आहे, कारण हा प्रोसेसर घेणारे बहुतेक जण माझ्यासारखेच, जुन्या बोर्डवर जुना काढून हा बसवणारे असणार, आणि त्यांना बेंचमार्कच्या आकड्यांपेक्षा ही माहिती जास्त उपयोगाची आहे असं मला मनापासून वाटतं.

माझं मशीन असं: २०१८ सालचा बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर रायझन ५ २६००, रॅमच्या ८-८ जीबीच्या चार स्टिक पण त्यातल्या दोन आधी घेतलेल्या आणि दोन नंतर वेगळ्या कंपनीच्या, ६५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि मधल्या फळीतलं ग्राफिक्स कार्ड. काम म्हणजे दिवसा कोडिंग, एकदोन व्हर्च्युअल मशीन चालू, आणि रात्री फ्लाइट सिम्युलेटर. या सिम्युलेटरमुळेच सगळं सुरू झालं, मोठ्या एअरपोर्टवर उतरताना ऐन रनवेच्या तोंडाशी चित्र अडखळायचं आणि ग्राफिक्स कार्ड बघावं तर ५०-५५ टक्केच कामात, म्हणजे कार्ड बिचारं रिकामं बसलेलं आणि प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाहीये. हे एकदा तुमच्या मशीनवर बघून घ्या, एचडब्ल्यूइन्फो (कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारं टूल) चालू ठेवून गेम खेळा, कार्ड ९५-९९ टक्के भरलेलं दिसत असेल तर प्रोसेसर बदलून काही हाती लागणार नाही.

एएमडीचा हा ५७००एक्स३डी २०२४ च्या जानेवारीत आला. ८ कोर, १६ थ्रेड, बेस ३ गिगाहर्ट्झ आणि बूस्ट ४.१, म्हणजे कागदावर बघितलं तर साध्या ५७००एक्सपेक्षा स्लो, कारण त्याचा बूस्ट ४.६ आहे. पण याच्यात एल३ कॅश ९६ एमबी आहे, साध्याच्या ३२ च्या तिप्पट, आणि ती जास्तीची ६४ एमबी मूळ चिपच्या डोक्यावर दुसरा थर चढवून बसवलेली आहे. कॅश म्हणजे टेबलावर हाताशी ठेवलेली वही आणि रॅम म्हणजे पलीकडच्या खोलीतलं कपाट. सिम्युलेटर, स्ट्रॅटेजी गेम, शहर वसवायचे गेम यांना सारखं थोडं थोडं काहीतरी लागत असतं आणि टेबल मोठं असलं की कपाटापर्यंतच्या फेऱ्या वाचतात, म्हणून क्लॉक कमी असूनही हा तिथे पुढे जातो. उलट व्हिडिओ रेंडर, झिप करणं असल्या कामांना त्या वहीचा फारसा उपयोग नाही, तिथे साधा ५७००एक्सच बरा.

आता बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर. ही पायरी मी नीट केली होती. एएम४ सॉकेटवर (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) पहिले रायझन २०१७ साली आले आणि तेव्हापासून सॉकेट तोच राहिला, पण जुन्या बोर्डांवरची बायोसची चिप बऱ्याचदा १६ एमबीचीच, त्यात इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर मावेनात. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने आधी सांगितलं होतं की ४०० सिरीजच्या बोर्डांवर (माझा बी४५० त्यातलाच) झेन ३, म्हणजे हा प्रोसेसर ज्या पिढीतला आहे ती, चालणार नाही, लोकांनी आरडाओरडा केल्यावर त्याच महिन्यात निर्णय फिरवला, आणि त्या निर्णयामुळेच आज माझ्यासारख्याला बोर्ड न बदलता एवढी मोठी उडी मारता येतेय. पण त्यासाठी बायोस नवीन पाहिजे, आणि ते जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच टाकायचं. ५६००एक्स चालवणारं २०२१ चं बायोस असलं तरी एक्स३डी ओळखेलच असं नाही, बोर्डच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, त्यात आपल्या मॉडेलसमोर कुठलं व्हर्जन लिहिलंय ते बघायचं. माझ्या बोर्डला थेट शेवटच्या व्हर्जनवर उडी चालत नव्हती, आधी मधलं एक टाका मग पुढचं टाका असं होतं आणि ही सूचना डाउनलोडच्या पानावर अगदी बारीक अक्षरात खाली होती, कंपनीचं नाव घेत नाही पण एवढी महत्त्वाची गोष्ट तुम्ही अशी कोपऱ्यात लिहिता याचा मला अजून राग आहे. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, फाइल झिपमधून बाहेर काढलेली हवी. जुना प्रोसेसर आधीच विकून बसला असाल तर बोर्डवर फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा, ते असेल तर प्रोसेसरशिवायही बायोस टाकता येतं.

एक गोष्ट मी केली आणि ती पुढे फार कामाला आली. अपडेटच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. बायोस बदललं की सेटिंग बहुधा सगळी मुळावर येतात: रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) बंद, पंख्यांचं सेटिंग गायब, बूटचा क्रम बदललेला, आणि व्हर्च्युअलायझेशनचं एसव्हीएम नावाचं सेटिंगही माझ्याकडे बंद झालं होतं. फोटो नसते तर दुसऱ्या दिवशी व्हर्च्युअल मशीन चालू होईना तेव्हा मी नव्या प्रोसेसरलाच दोष देत बसलो असतो.

जुना काढताना जपून. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि प्रोसेसर आणि कूलरच्या मधली वाळलेली पेस्ट त्याला कूलरला इतकं घट्ट धरून ठेवते की कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बरोबर येतो. त्यामुळे आधी दहा मिनिटं मशीनवर लोड टाकून पेस्ट गरम करून घ्यायची, मशीन बंद करून वायर काढायची आणि मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. माझा नीट निघाला. नवीन बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, बरोबर असेल तर आपल्या वजनाने खाली बसतो.

आणि मग पहिलं बटण दाबलं तर स्क्रीन काळी.

पंखे फिरतायत, कार्डचा लाइट चालू, बोर्डवर चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे, त्यातला डीरॅमचा पेटून राहिलेला. अर्धा मिनिट बघितलं, घाबरून बंद केलं, परत चालू केलं, परत तेच. असं मी चार-पाच वेळा केलं आणि ते चुकीचं होतं. प्रोसेसर बदलला की त्यातला मेमरी कंट्रोलरही बदलतो, रॅमशी त्याची जुळवाजुळव पहिल्यांदा नव्याने होते, तिला वेळ लागतो, आपण मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन मिनिटं हात बांधून थांबायचं. तेवढं थांबूनही काही झालं नाही तेव्हा मी वायर काढून बोर्डवरचा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला, चारपैकी दोनच रॅम ठेवल्या, त्याही प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, आणि डिस्प्ले आला. जीव भांड्यात पडला. नंतर उरलेल्या दोन टाकल्यावर चारही दिसल्या, पण चार स्टिक आणि त्यात दोन वेगळ्या कंपन्यांच्या म्हटल्यावर एक्सएमपीच्या ३२०० ला मशीन उठेना, हाताने २९३३ केलं तेव्हा उठलं. याच्यात कॅश मोठी असल्याने रॅमचा वेग थोडा कमी असला तरी साध्या रायझनइतका फरक पडत नाही, म्हणून मी ते तसंच ठेवलंय. पण २१३३ वर मात्र सोडू नका, बायोस अपडेटनंतर रॅम बहुधा २१३३ किंवा २४०० वर येऊन बसते आणि नवीन प्रोसेसर टाकून काहीच फरक नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी तेच तपासावं.

इथेच अजून एक, तुम्ही आधी नावात जी असलेला प्रोसेसर वापरत असाल, २२००जी किंवा ३४००जी सारखा, आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असेल, तर या प्रोसेसरवर त्या पोर्टमधून काहीही येणार नाही. याच्यात ग्राफिक्स नाहीच. वेगळं कार्ड हवं आणि वायर कार्डलाच हवी.

डिस्प्ले आल्यावर बायोसने एक मेसेज दाखवला की नवीन प्रोसेसर बसवलाय, एफटीपीएम रिसेट करायचं असेल तर वाय दाबा, नको असेल तर एन, आणि बिटलॉकर (ड्राइव्ह लॉक करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी कीशिवाय सिस्टिम चालू होणार नाही. हा मेसेज घाईत उडवू नका. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरच्या भरवशावर चालणारी किल्ल्यांची तिजोरी, प्रोसेसर बदलला की जुन्या किल्ल्या गेल्या. ड्राइव्ह बिटलॉकरने लॉक असेल तर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, आणि बऱ्याच जणांना आपल्या लॅपटॉपवर किंवा पीसीवर बिटलॉकर चालू आहे हे माहीतही नसतं. मी आदल्या रात्री बिटलॉकर सस्पेंड केला होता आणि की वहीत लिहून ठेवली होती, म्हणून वाय दाबून निवांत पुढे गेलो. तरी लॉगिनचा पिन चालेना, तो त्याच तिजोरीत असतो, पासवर्ड टाकून आत जावं लागलं आणि पिन नव्याने बनवला. तेव्हा पासवर्ड आठवतोय ना, हे प्रोसेसर काढायच्या आधी बघा.

धाकट्या भावाने त्याच्या मशीनवर असाच बदल केला होता तेव्हा त्याचं वेगळंच झालं, बायोस नवीन टाकल्यावर ड्राइव्हच सापडेना. त्याचं विंडोज फार जुनं, एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर, आणि नवीन बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारं सेटिंग) बंद होतं. सीएसएम चालू केल्यावर लगेच बूट झालं, नंतर बॅकअप घेऊन एमबीआरटूजीपीटी या विंडोजमधल्याच टूलने त्याने तीच डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलून घेतली. ड्राइव्ह दिसत नाही म्हणून फॉरमॅट मारायच्या आधी हे एवढं बघावं.

इथपर्यंत सगळं मिळून एक संध्याकाळ. खरी कटकट पुढे.

कूलर मी जुनाच ठेवला होता, २६०० सोबत आलेला छोटा. हा प्रोसेसर १०५ वॅटच्या गटातला, डब्यात कूलर येत नाही, आणि कॅशचा थर डोक्यावर असल्यामुळे खालच्या कोरची उष्णता बाहेर यायला जरा अडचण होते. सिनेबेंच (सगळ्या कोरना कामाला लावून स्कोअर देणारी टेस्ट) लावलं तर तिसऱ्या मिनिटाला ९० डिग्री. ९० ही याची कमाल मर्यादा, तिथे पोचला की स्वतःच वेग कमी करतो, जळत वगैरे नाही, पण पंखा असा ओरडत होता की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. मग मी कर्व्ह ऑप्टिमायझर हा उपाय केला. म्हणजे प्रत्येक कोरला ठरलेल्यापेक्षा थोडं कमी व्होल्टेज द्यायचं, तेवढ्यावर कोर नीट चालला तर उष्णता कमी आणि वेग तोच. हा प्रोसेसर नेहमीसारखा ओव्हरक्लॉक होत नाही आणि माझ्या बायोसमध्ये हे सेटिंग नव्हतं, म्हणून एक छोटं टूल वापरलं जे विंडोजमध्ये लॉगिन झाल्यावर आपोआप ते लावतं. सगळ्या कोरना उणे ३०. खूप लोक हाच आकडा लावतात म्हणून मीही लावला. तापमान ८२ वर आलं, तासभर सगळ्या कोरवर स्ट्रेस टेस्ट चालवली, पास. विषय संपला असं समजून मी तो डोक्यातून काढून टाकला, आणि पुढचे पंधरा दिवस त्या समजुतीनेच खाल्ले.

तिसऱ्या दिवशी मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. निळी स्क्रीन नाही, काही मेसेज नाही, एकदम काळं आणि परत सुरू. तेही काय करताना, तर ब्राउझरमध्ये एक लेख वाचताना. दुसऱ्या दिवशी नुसतं चालू ठेवून बाहेर गेलो होतो, आलो तर लॉगिनची स्क्रीन समोर. आणि गेम तीन-तीन तास खेळलो तरी काही नाही. हे मला कळेचना, जड कामात धडधाकट आणि आरामात बसल्यावर पडतोय.

आधी रॅमवर संशय. चार स्टिक, दोन कंपन्या, संशय यायलाच पाहिजे. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावलं, रात्रभर चार फेऱ्या, एकही चूक नाही. तरी दोन स्टिक काढल्या, रिस्टार्ट चालूच. मग एसएमपीएस. मित्राचा ७५० वॅटचा आणला, वायरिंग सगळं उचकटून परत लावलं, प्रोसेसरची ८ पिनची वायर काढून नीट बसवली, दोन दिवस काही झालं नाही म्हणून खूश, तिसऱ्या दिवशी परत. बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल म्हणून एक सेटिंग असतं, काही एसएमपीएसना एकदम कमी लोड झेपत नाही त्यांच्यासाठी, ते टिपिकल करंट आयडलवर ठेवलं. नाही. चिपसेट ड्रायव्हर नवीन टाकला. नाही. शेवटी वैतागून फॉरमॅट मारला, विंडोज कोरं टाकलं, आणि पाच दिवस, पूर्ण पाच दिवस मशीन गप्प चाललं. मला वाटलं विंडोजचाच दोष होता. मग रविवारी परत पडलं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं चाललं होतं. प्रोसेसरच खराब निघाला म्हणून मी परत पाठवायचा फॉर्म भरायला घेतला होता. भाऊ शेजारी बसला होता, तो म्हणाला, "दादा, फॉरमॅटनंतर तू काय काय परत टाकलंस, आणि कुठल्या दिवशी?" मी मोजायला लागलो, ब्राउझर पहिल्या दिवशी, कोडिंगचं सगळं दुसऱ्या दिवशी, सिम्युलेटर तिसऱ्या दिवशी, आणि ते व्होल्टेजचं टूल शनिवारी रात्री. तिथेच थांबलो.

मग सगळं उलगडत गेलं. मेमटेस्ट पेन ड्राइव्हवरून चालतं, विंडोज चालूच नसतं, म्हणजे तेव्हा टूलही चालू नाही आणि व्होल्टेज पूर्ण, म्हणून टेस्ट स्वच्छ. फॉरमॅटनंतरचे पाच दिवसही टूल नव्हतं. आणि तासभर पास झालेली ती स्ट्रेस टेस्ट? आठही कोर एकदम कामाला लागले की क्लॉक थोडा खाली असतो आणि तिथे उणे ३० चालून जातं. पण लेख वाचताना एकच कोर क्षणभर उठतो, थेट ४.१ पर्यंत जातो, परत झोपतो, परत उठतो. त्या उड्या मारताना ज्या कोरला व्होल्टेज पुरत नाही तो गळपटतो. म्हणून जड कामात पास आणि रिकामा असताना नापास. मला वाटतं प्रोसेसर बदलल्यावर आपोआप रिस्टार्टची तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांचं मूळ इथे असू शकेल, म्हणून इतकं लांबण लावून सांगतोय.

पुरावाही मशीनमध्येच पडून होता. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. कर्नेल-पॉवर ४१ अशी नोंद दिसते, ती फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नव्हतं, तिच्यावरून कारण कळत नाही आणि मी सुरुवातीला तीच वाचून लॉग बंद केला होता. तिच्याच आसपास डब्ल्यूएचईए-लॉगर (विंडोज हार्डवेअरच्या चुका इथे नोंदवतं), इव्हेंट आयडी १८ अशी नोंद असेल तर ती वाचा. त्यात कॅश हायरार्की एरर असं लिहिलेलं होतं आणि खाली प्रोसेसर एपीआयसी आयडी. हा आकडा सोन्यासारखा आहे. ८ कोर १६ थ्रेडच्या या प्रोसेसरमध्ये तो ० ते १५ असतो आणि त्याला दोनने भागलं की कोरचा नंबर निघतो, शून्यापासून मोजायचा. कॅश म्हटलंय म्हणजे त्या वरच्या थरातच बिघाड असा अर्थ काढू नका, मीही आधी तोच काढला होता. माझ्या मशीनवर नवीन विंडोजमध्ये एकच रिस्टार्ट होता, पण जुन्या विंडोजची लॉग फाइल बॅकअपमध्ये होती ती उघडली, सगळे मिळून ११ रिस्टार्ट, त्यातल्या ९ नोंदींत आयडी १० किंवा ११. म्हणजे त्या नऊही वेळा कोर ५. आता एसएमपीएस किंवा रॅमचा दोष असता तर तो एकाच कोरला धरून कशाला बसेल?

टूल बंद केलं, एक आठवडा तसंच ठेवलं, एकही रिस्टार्ट नाही. मग परत लावलं, पण यावेळी कोर ५ ला उणे १० आणि बाकीच्यांना उणे २०, आणि कोरसायकलर नावाचं टूल रात्रभर चालवलं. ते एकेका कोरला पाळीपाळीने एकट्याला कामाला लावतं, म्हणजे नेमकं जिथे माझं मशीन पडत होतं तेच तपासतं. दोन रात्री पास. त्यानंतर आजपर्यंत डब्ल्यूएचईएची एकही नोंद नाही. परत पाठवायचा फॉर्म अर्थातच रद्द केला, प्रोसेसरमध्ये काहीही खोट नव्हती, कंपनीने ठरवलेल्या व्होल्टेजवर तो पहिल्या दिवसापासून व्यवस्थित होता.

आणि खरं सांगायचं तर उष्णतेचा इलाज व्होल्टेज नव्हताच, कूलर होता. १२० एमएम पंख्याचा साधा टॉवर कूलर बसवला, त्याच सिनेबेंचला ७४ डिग्री, गेममध्ये ६०-६५. बसवताना कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढली ना हे दोनदा बघा, आणि स्क्रू तिरपे-तिरपे थोडे थोडे आवळा, एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं नको. हा प्रोसेसर घेणार असाल तर कूलरचं बजेट त्यातच धरा असं मी स्पष्ट सांगेन.

आता कामगिरी. सिम्युलेटरमध्ये त्याच मोठ्या एअरपोर्टवर, त्याच सेटिंगला, आधी ३०-३२ फ्रेम आणि उतरताना १८ पर्यंत घसरण, आता ५५ च्या आसपास आणि घसरण ४४ पर्यंत. सरासरीपेक्षा ती घसरण कमी झाली याचा आनंद मोठा आहे, रनवेवर चाकं टेकताना चित्र आता अडखळत नाही आणि ज्याने हे कधी खेळलंय त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. सिनेबेंच आर२३ मध्ये सगळ्या कोरचा स्कोअर ७,५०० वरून १३,३०० वर गेला. प्रोजेक्ट बिल्ड व्हायला आधी साधारण चार मिनिटं लागायची, आता सव्वादोन, व्हर्च्युअल मशीन चालू असताना बाकीचं मशीन जड होत नाही. शूटिंगचे दोन गेम खेळतो तिथे मात्र १४४०पी आणि हाय सेटिंगला जवळजवळ काही फरक नाही, तिथे कार्डच आधी भरलेलं होतं.

अर्धा स्टार कापलाय तो कमी क्लॉकसाठी. ब्राउझर, एडिटर, ऑफिस असल्या रोजच्या कामात ४.१ गिगाहर्ट्झ थोडा जाणवतो, भावाकडे ५६०० आहे ४.४ वाला, तो असल्या कामात याच्या मागे नाही. गेम खेळत नसाल तर हा घेऊ नका, ५७००एक्स घ्या, ६५ वॅटचा आहे, थंड चालतो, छोट्या कूलरवरही भागून जातं. गेम खेळता पण कार्ड जुनं आहे तर आधी कार्ड. आणि मशीन पूर्ण नवीनच जुळवायचं असेल तर एएम४ च्या मागे लागण्यात अर्थ नाही, एएम५ घ्या. हा प्रोसेसर त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे चांगला एएम४ बोर्ड आणि रॅम आहे आणि ज्यांना तेच मशीन अजून चार वर्षं चालवायचंय.

विंडोज ११ वर मध्येच सेकंदभर सगळं अडकतंय, आवाज तुटतोय असं होत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, एफटीपीएममुळे असं होऊ शकतं हे एएमडीने २०२२ मध्ये स्वतःच सांगितलं होतं आणि बायोसमधल्या एजेसा (बायोसमधला एएमडीचा स्वतःचा कोड) १.२.०.७ पासून ते दुरुस्त केलं. तुमच्या बायोसच्या नोंदीत एजेसाचा नंबर लिहिलेला असतो, त्याच्या आधीचा असेल तर अपडेट करा, टीपीएम बंद करू नका. विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन माझं गेलं नाही, बोर्ड तोच होता.

शेवटचं एक राहिलंय, पंख्याचं. रायझनचं तापमान नुसतं एखादं अ‍ॅप उघडलं तरी क्षणात ४० वरून ५८ वर उडी मारतं आणि लगेच खाली येतं, त्याच्या मागे पंखाही वर-खाली होत राहतो आणि तो घुंईऽऽ आवाज रात्री फार त्रास देतो. पहिल्यांदा वाटलं कूलर नीट बसला नाही, काढून पेस्ट परत लावली, तरी तेच. बायोसमध्ये पंख्याच्या पानावर उशिराने प्रतिसाद देण्याचं सेटिंग असतं, कुठे स्टेप अप टाइम म्हणतात कुठे आणखी काही, ते तीन-चार सेकंद केलं आणि ६० डिग्रीपर्यंत पंख्याचा वेग एकसारखा ठेवला. आता हे लिहिताना मशीन टेबलाखाली चालू आहे आणि ऐकू येतोय तो फक्त कीबोर्डचा आवाज.